रिकाम्या गाडीचं नीरम

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर त्या गाडीला सगळे पलटण म्हणत. लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कर जे सामान इथेच टाकून गेलं त्याचे कल्याणला लिलाव झाले, आणि त्यातल्या एका लिलावात फ्रान्सिसने ती उचलली. शेवाळी रंगाची, मागे उघडा हौदा, आणि चारही चाकांनी ओढणारी. यातलं शेवटचं महत्त्वाचं. दुसरी कुठलीही मोटार वाळूत उतरली की बसकण मारायची. पलटण मात्र ओहोटीला थेट होड्यांपर्यंत जायची, मासळीच्या टोपल्या भरून घ्यायची आणि आगगाडीच्या वेळेआधी विरार स्टेशनात हजर व्हायची. त्यापूर्वी बाया टोपली डोक्यावर घेऊन आगाशीवरून पायी जात, आणि उन्हाळ्यात विरार येईपर्यंत अर्धी मासळी फेकायच्या लायकीची होई.

फ्रान्सिसला ती फार दिवस लाभली नाही. पुढच्याच पावसाळ्यात विषमज्वराने तो गेला आणि गाडी त्याच्या बायकोच्या, इझाबेलच्या नावावर झाली. भांडण इथून सुरू झालं. फ्रान्सिसचा धाकटा भाऊ प्लासिड लढाईत आसामच्या बाजूला लष्करी ट्रक चालवत होता. लिलावातली कुठली गाडी धड आहे हे त्याने ओळखलं, कल्याणहून ती चालवत त्याने आणली, आणि अख्ख्या अर्नाळ्यात ती चालवता येणारा तो एकटाच. भाऊ गेल्यावर गाडी आपलीच, असं तो धरून चालला होता. फ्रान्सिसच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे त्याच्या आत्म्यासाठीच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या आवारातच इझाबेलने त्याला सांगून टाकलं की गाडी तिची आहे, चालवायची तर पगारावर चालव. चारचौघांत सांगायला नको होतं, असं बाया पुढे कितीतरी दिवस म्हणत होत्या. इझाबेलला तसं कधी वाटलं नाही. घरात सांगितलं असतं तर त्याने ऐकलंच नाही असं म्हटलं असतं, एवढा दीर ती ओळखून होती.

आणि ती गाडी सोडणार तरी कशी? पोटी मूल नाही, नवरा नाही, होडीत हिस्सा नाही. तिच्या वयाच्या विधवेला किनाऱ्यावर एकच जागा असते, दुसऱ्यांच्या वाळवणाची राखण करण्याची. पलटण होती म्हणून होडीवाले तिच्याशी आधी बोलत, पलटण होती म्हणून गल्लीतल्या बाया तिला इझाबेलबाय म्हणत. गाडी गेली की हे सगळं त्याच दिवशी संपणार होतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. प्लासिडलाही ठाऊक होतं. दोघं रोज सकाळी पुढच्या बाकावर शेजारी बसून विरारला जात आणि वाटेत एक शब्द बोलत नसत.

पहिली ठिणगी हंसाच्या हातावरून पडली. हंसा म्हणजे इझाबेलच्या गाडीतून जाणाऱ्या बायांमधली सगळ्यांत दणकट. दोन माणसांची टोपली एकटी उचलायची. विरारहून परत येताना बोळिंजच्या चढाला गाडी अशी उडाली की हंसा हौद्यातून उसळून कडेवर आदळली आणि मनगट मोडून बसली. बाकीच्या बायाही कंबर धरून उतरल्या. गेले काही दिवस गाडी परतताना अशीच हाडं खिळखिळी करते, जाताना भरलेली असते तेव्हा नाही, असं सगळ्यांनी एकदम सांगितलं. इझाबेल पुढे बसायची, तिला पत्ता नव्हता.

तिने गाडी बाहेरून नीट पाहिली. पलटण कडक वाळूवर रिकामी उभी होती आणि मागून चांगली वीतभर वर उचललेली दिसत होती, एखाद्या बाईने पदर खोचून वाकावं तशी. इझाबेल सरळ खाली शिरली. मोटारीच्या चाकांच्या वर पोलादी पाटे एकावर एक बांधलेले असतात, त्याला कमान म्हणतात. भार पडला की ती वाकते आणि धक्का खाऊन टाकते. मागच्या दोन्ही कमानींत गंजलेल्या जुन्या पाट्यांखाली नवे काळे पाटे घातलेले होते. ओल्या हाताने चोळले तरी डाग न पडणारे, ताजे.

“ये पाटे कोनी घातले?” बाहेर येऊन तिने विचारलं.

प्लासिड बिडी ओढत होता. “मी. आगाशीच्या हरिभाऊ लोहाराकडून करून आनले.”

“कोनाला विचारून?”

“गाडीला विचारून. तू मासली भरतेस ती कमी पडते तं तुझी बोंब, जास्त भरली तं कमान बसते. पाटे वाढवले. गाडीतलं तुना काय कळते, वयनी?”

“हंसाचा हात मोडला ते मना कळते.”

“रिकामी गाडी उडनारच. कमान आता भाराची हाय, भार नसला की ती वाकत नाय. मी काय तिच्यावर बसू?”

इझाबेलच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस सरळ उत्तर द्यायला शिकलाच नव्हता. पण ती डोलकराची मुलगी होती, तिचा बाप होड्या बांधायचा, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिथूनच निघालं. “रिकामी होडी पान्यावर नाचते तेव्हा काय करतात? नीरम घालतात. तसे हौद्यात धोंडे घाल. मग कमानपन वाकेल नं बायांची हाडंपन राहतील.”

रिकामी होडी डचमळू नये म्हणून तिच्या तळाला जे दगड रचतात त्याला नीरम म्हणतात. मोटारीत नीरम घालायची कल्पना जगाच्या पाठीवर कुठल्या मिस्त्रीने केली नसेल. ती कोळणीनेच करावी. प्लासिडने बिडी वाळूत विझवली. मग तो हसला. फ्रान्सिस गेल्यापासून तो तिच्यासमोर पहिल्यांदा हसला असेल.

“चालेल,” तो म्हणाला. “तू सांगतेस तं घालतो धोंडे.”

दुसऱ्या दिवशी त्याने खडकांवरून धोंडे आणले आणि हौद्याच्या तळाला स्वतःच्या हाताने रचले, फटीत फट बसवून, वर फळ्या टाकून. गाडी मागून खाली बसली. परतीच्या वाटेवर बाया पाय पसरून बसल्या आणि एकीने तर पेंग काढली. इझाबेलला आनंद झाला, आणि तो तिने लपवला नाही. हट्टी दिराला आपण एका वाक्यात नमवलं, हे ती विहिरीवर बोलली, बाजारात बोलली, फादरांनासुद्धा सांगून आली. लोक म्हणायला लागले, पलटणीत इझाबेलचं नीरम आहे. तिला ते फार आवडलं.

पावसाळा सरला, दसरा-दिवाळी गेली, नाताळ जवळ आला. सकाळी मासळी विरारला, आणि आठवड्यातून एखाद-दोन संध्याकाळी प्लासिड एकटा नायगावच्या मिठागरांवर जाऊन मासळी खारवायचं मीठ आणी. हे मीठ तो फ्रान्सिसच्या वेळेपासून आणत होता. कुरकुर न करता करायचं त्याचं ते एकच काम होतं.

नाताळच्या आधी नायगावच्या वाटेवरच्या पापडी नाक्याचा पोलीस जमादार इझाबेलच्या दारी पापलेट न्यायला आला. माणूस घाटावरचा, बोलका. दारूबंदी आल्यापासून नाक्यावर उभं राहून पायांचे तुकडे पडतात, असं तो ओट्यावर बसून सांगत होता.

“तुम्हाला कळतं कसं, गाडीत काय हाय ते?” इझाबेलने मासे निवडता निवडता सहज विचारलं.

“सोपं आहे, बाई. गाडीचा मागचा भाग बघायचा. ड्रायव्हर म्हणतो रिकाम्या टोपल्या आहेत, आणि गाडी मागून बसलेली. मग टोपल्या काय लोखंडाच्या आहेत का? उतरवायला लावतो, खाली सापडतातच दारूने भरलेल्या टायरच्या ट्यूबा.” त्याने पापलेटाचे कल्ले उघडून बघितले. “तुमच्या गाडीला मात्र कधी हात लावावा लागत नाही. रिकामी जाऊ दे, मीठ भरून येऊ दे, मागून एका बोटाचा फरक नसतो. दिराने गाडी चांगली राखली आहे.”

जमादार मासे घेऊन गेला. इझाबेल टोपलीपुढे बसून राहिली.

मीठ भरल्यावर एका बोटाचाही फरक नाही? होडी बांधणाऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला हे पटणं शक्य नव्हतं. तळाला धोंडे आहेत, त्यावर मीठ पडलं, तर गाडी बसलीच पाहिजे, पाटे कितीही असोत. बसत नसेल तर मीठ भरायच्या आधी धोंडे उतरत असणार. आणि प्लासिड, जो पडलेली टोपली पायाने सरकवतो, तो कोणी न सांगता दर खेपेला धोंडे उतरवील? धोंड्यांच्या जागी दुसरं काही जात असेल, तरच. जाताना धोंड्यांऐवजी दारू, येताना दारूऐवजी मीठ, आणि मधल्या दिवसांत पुन्हा धोंडे. पाटे मासळीसाठी वाढवलेच नव्हते. भरलेली गाडी बसू नये म्हणून वाढवले होते. मग रिकामी गाडी ढुंगण वर करून नाक्यावरून जायची आणि जमादाराच्या डोळ्यांत भरायची, ती अडचण त्याच्या डोक्याला सुटत नव्हती. ती इझाबेलने सोडवून दिली होती. वर गावभर मिरवलीही होती.

 दुपारी प्लासिड जेवायला गेलेला पाहून ती हौद्यात चढली, फळी उचलली, दोन धोंडे बाजूला केले आणि वाकून वास घेतला. मासळीच्या खाली, मिठाच्या खाली, लाकडात मुरलेला सडक्या गुळाचा आणि नवसागराचा वास होता. तिने फळी होती तशी ठेवली.

प्लासिडचं घर तिच्या घराला लागूनच, मधे एक कुडाची भिंत. तो ओट्यावर हात धुवत होता. त्याची बायको रोझलीन आत भांडी आवरत होती. साधी पोर, इझाबेलबरोबर विरारला मासळी विकायला यायची, दोघांच्या भांडणात कधी पडायची नाही.

“नायगावला काय नेतोस?” इझाबेलने विचारलं.

त्याने लुंगीला हात पुसले. आत एकदा बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुना कळलं तं.”

“आजच्या आज बंद कर. पाटे काढ.”

“नाय काढत.”

“मी जमादाराला सांगेन.”

“सांग की.” तो खरोखरच शांत होता, आणि त्याचंच तिला भय वाटलं. “कागदावर नाव कोनाचं? मालकीन कोन? मी तं पगारावरचा ड्रायव्हर, चर्चसमोर तूच बोल्लीस. दारू सापडली तं गाडी आधी जप्त होते, मग मालकिनीला नेतात. मना सहा महिने होतील. तुझी गाडी परत येनार नाय, वयनी.”

“मी दुसरा ड्रायव्हर बघीन.”

“बघ. वालूवर चालवनारा मिलाला तं मनापन दाखव.” मग तो वेगळ्याच सुरात बोलला. “नं माल माझा नाय. मनात आलं नं सोडलं, असं ते नाय. खाडीपलीकडची मानसं हायत. एक खेप कमी पडली तं पुढच्या भरतीला मी खाडीत तरंगेन. तू मंग जा फुलं घेऊन.”

“जाईन,” इझाबेल म्हणाली, आणि तिथून निघाली.

ती आगाशीला हरिभाऊकडे गेली. हरिभाऊ लोहाराने हात जोडले. वहिनींनीच सांगितलंय असं प्लासिड म्हणाला म्हणून पाटे केले, आता वहिनी म्हणत असतील तर काढून देतो, गाडी तेवढी दुकानात आणा. गाडी आणणार कोण? ती परत चालत आली आणि सबंध वाट एकच गोष्ट घोळवत आली. बोलावं तर गाडी जाते. गप्प बसावं तर आज नाही उद्या कुठल्यातरी नाक्यावर गाडी जाते. प्लासिडला काढावं तर गाडी आहे तिथे उभी राहते. त्याने तिला तिच्याच गाडीत कोंडून घातलं होतं. नवऱ्याच्या भावाचा द्वेष करू नये हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं, पण त्या दिवसापासून ती तो मनापासून करायला लागली. पापाची कबुली द्यायला गेली तेव्हा फादरांना हे सांगितलं नाही.

नाताळ होऊन गेल्यावर पुनवेच्या उधाणाच्या दिवसांत एका सकाळी होड्या भरून आल्या. असं पापलेट किनाऱ्याने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. बाया धावल्या, पलटण ओल्या वाळूवर होड्यांच्या नाकाशी जाऊन उभी राहिली आणि टोपल्यांवर टोपल्या चढल्या. प्लासिडचा चेहरा उतरलेला होता. आदल्या संध्याकाळी तो नायगावला गेला होता आणि मीठ न आणताच परतला होता, हे इझाबेलने पाहिलं होतं. पण मासळी समोर असताना तिला त्याचा विचार करायला सवड नव्हती.

गाडी निघाली आणि दहा हातांवर थांबली. प्लासिडने पुढची चाकं जोडली, गियर बदलला, इंजिन ओरडलं. चाकं फिरली आणि खाली गेली. आणखी फिरली, आणखी खाली गेली. एका मागच्या चाकाखाली खड्डा होता. जुनी मऊ कमान असती तर ती खाली वाकून चाकाने तळ धरला असता. ही जादा पाट्यांची कमान ताठच राहिली, आणि ते चाक नुसतं गरगरत वाळू उडवत बसलं. चार चाकांनी ओढणारी गाडी, तिच्यातली तीन चाकं खड्डे खणत होती आणि चौथं रिकामं फिरत होतं.

मागे भरती सुरू झाली होती. उधाणाची भरती अर्नाळ्याला चालत येत नाही, पळत येते.

“मासली उतरवा,” इझाबेल ओरडली. बायांनी टोपल्या झेलत कोरड्या वाळूकडे लांबवल्या. होडीवाले दोरखंड घेऊन आले. तरी गाडी हलेना. पाणी मागच्या चाकांशी आलं. “आता धोंडे टाका बाहेर.”

प्लासिड पुढून उडी मारून हौद्यापाशी आला आणि आडवा उभा राहिला. “धोंड्यांना हात लावू नका. ढकला नुसती. निघेल.”

“बाजूला हो.”

“वयनी, नको.” त्याने दोन्ही हातांनी हौद्याची कड धरली. “नको म्हनतो ना.”

तिला तेव्हा कळलं. काल खाडीपलीकडची होडी आली नव्हती. माल परत आला होता आणि धोंड्यांखाली पडून होता, आणि याने सकाळी त्यावर मासळी चढवू दिली होती, कारण नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

तिने त्याला खांद्याने ढकललं आणि वर चढली. दणकट हंसा तिच्यामागून चढली, मनगट बरं झालेली, आणि दोघींनी फळ्या उचलून धोंडे पाण्यात टाकायला सुरुवात केली. धोंड्यांचा थर निघाला. खाली मोटारीच्या रबरी ट्यूबा होत्या, तोंडं सुतळीने आवळलेल्या, टम्म भरलेल्या, एकाला एक चिकटून निजवलेल्या. हंसाने एकदा इझाबेलकडे बघितलं आणि ती खाली उतरली. किनाऱ्यावर सगळ्यांनी पाहिलं. 

“खाली दे,” प्लासिड खालून म्हणाला. तो गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून हात वर करत होता. “एकेक करून खाली दे, मी होडीत टाकतो. वयनी, फोडू नको. माझा नाय तो माल. तुना सांगितलंय मी.”

इझाबेलने पाण्याकडे बघितलं. पाणी हौद्याच्या तळाला लागलं नव्हतं. होडी दोन हातांवर होती. प्लासिड उभा होता, होडीवाले उभे होते, ट्यूबा उचलायला माणसं हवी तेवढी होती. तिने हे सगळं बघितलं. मग कमरेची कोयती काढली आणि पहिली ट्यूब उभी चिरली.

दारू हौद्याच्या फटींतून खाली समुद्रात गेली. किनाऱ्यावर तिचा वास पसरला. तिने दुसरी चिरली, तिसरी चिरली, मासळी साफ करावी तशी, न थांबता.  प्लासिडने वर केलेले हात तसेच होते. शेवटची ट्यूब रिकामी झाल्यावर तिने चिरलेली रबरं गोळा करून पाण्यात भिरकावली आणि म्हणाली, “बस पुढं. काढ गाडी.”

तो खरंच जाऊन बसला. आता विचार करायचा तरी कशाचा होता? होडीवाल्यांनी दोर ओढले, बायांनी मागून खांदे लावले, आणि पलटण हिसडा देऊन वर आली, लाटेच्या पुढे, कोरड्या वाळूपर्यंत. प्लासिडने इंजिन बंद केलं. पायरीवरून उतरला, इझाबेलच्या जवळून गेला, आणि तिच्याकडे न बघता घराकडे चालू लागला. थोड्या वेळाने लोकांनी त्याला बोचकं घेऊन किल्ल्याच्या बेटाकडे जाणाऱ्या होडीत बसताना पाहिलं. कुठे चालला हे त्याने कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

मासळी त्या दिवशी आगाशीहून बैलगाड्या मागवून नेली. उशीर झाला, बरीच वाया गेली. इझाबेलने संध्याकाळी आगाशीत बस चालवणाऱ्या एका माणसाशी बोलणं केलं. तो म्हणाला, वाळूवर चालवायला शिकेन. हरिभाऊने दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर येऊनच पाटे काढायचं कबूल केलं. गाडी वाचली होती. गाडीवर पोलीस यायचं काही कारण उरलं नव्हतं. प्लासिडही गाडीत पुन्हा बसणार नव्हता. तिला जे हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि तिने चूल पेटवली.

कुडापलीकडून आवाज येत नव्हता. मग रोझलीन दारात येऊन उभी राहिली. सकाळी तिनेही गाडीला खांदा लावला होता. लुगडं अजून गुडघ्यापर्यंत ओलं होतं. ती आत आली नाही.

“वयनी, ते परत येतील का?”

“मना कसं ठाऊक?”

“खाडीपलीकडची मानसं त्यांना सोडतील का?”

इझाबेलने चुलीत लाकूड सारलं. “नाय सोडनार.”

 रोझलीनच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर इझाबेलला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर द्यायची तिला सवय होती.

“मी खालीच होते,” रोझलीन म्हणाली. “पानी तं चाकालाच होतं. ते सगळं उतरवता आलं असतं ना?”

भरती जोरात होती असं सांगता आलं असतं. पोलिसांचं भय सांगता आलं असतं, गाडी बुडत होती हेही सांगता आलं असतं, आणि गावात जो तो तेच सांगत होता. रोझलीनने ते मानलंही असतं. ती मानायलाच आली होती.

“आलं असतं,” इझाबेल म्हणाली.

रोझलीनने मान हलवली, जसं काही बाजारात भाव विचारला आणि कळला. मग ती वळून आपल्या घरात गेली आणि तिने आतून कडी लावली.